ड्रेसर विकण्याआधी झिजलेला हिरा पाहणारे दुकान

बेळगावच्या उद्यमबागेत, आतल्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडच्या पुढच्या अर्ध्या भागात नवे डायमंड ड्रेसर विकणारे आणि मागच्या अर्ध्या भागात झिजलेले ड्रेसर रीसेट करून देणारे एक छोटे दुकान आहे. डायमंड ड्रेसर म्हणजे ग्राइंडरच्या दगडी चाकाचे बोथट तोंड घासून ताजे करणारे, टोकाला हिरा बसवलेले हत्यार; त्या घासण्याला ड्रेसिंग म्हणतात, आणि झिजलेला हिरा काढून त्याचे दुसरे टोक पुढे करून बसवणे म्हणजे रीसेट. गेल्या चौदा महिन्यांत आमच्या मच्छे येथील कारखान्यातले सगळे ड्रेसर मी तेथूनच घेतले आणि तेथेच रीसेट करून घेतले. त्या व्यवहाराचे हे परीक्षण. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. कारागीर दोनच, आत्ताच काम वेळेवर निघत नाही, त्यात कोल्हापूरकडून आणखी पार्सले येऊ लागली तर जुन्या गिऱ्हाइकांचे हाल होतील, असे त्यांचे म्हणणे आहे. उशिराची तक्रार पुढे मीही करणार असल्यामुळे मला ते पटले. उद्यमबागेत ज्याच्याकडे ग्राइंडर आहे अशा कोणालाही विचारले तरी तो बोट दाखवून ही गल्ली सांगेल.

आमचे काम मुख्यतः हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारे दांडे), पिना आणि बुश यांच्या ग्राइंडिंगचे. गोल भाग घासणारा एक जुना एचएमटीचा सिलिंड्रिकल ग्राइंडर, सपाट भागांसाठी एक सरफेस ग्राइंडर आणि गोल भाग टोकांना न पकडता घासणारा एक सेंटरलेस, एवढाच पसारा आहे. बेळगाव परिसरात फाउंड्री आणि हायड्रॉलिक्स हे दोन धंदे रुजलेले असल्याने कामाला तोटा नाही. परंतु स्पूलचा व्यास काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) आत धरावा लागतो आणि जळका डाग असलेला जॉब, म्हणजे घासलेला भाग, गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहूनच परत करते. ड्रेसर हा आमच्या खर्चाच्या वहीतला मोठा आकडा कधीच नव्हता, म्हणूनच त्याकडे कोणी पाहत नव्हते. अर्ध्या कॅरेटचा ड्रेसर सहा-सात आठवड्यांत बोथट व्हायचा, तो खणात पडायचा आणि नवा निघायचा. रीसेट करायचे मनात आलेच तर पुण्याला पार्सल पाठवायचे, आणि ते महिन्याने परत यायचे. त्यापेक्षा नवा बरा, असा आमचा हिशेब होता.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सहा ड्रेसर मागितले. मालकांनी ते काढून देण्याऐवजी विचारले, "जुने आणलेत का?" मी एकही नेला नव्हता. दुसऱ्या दिवशी खणातले अकरा झिजके ड्रेसर पिशवीत भरून घेऊन गेलो. त्यांनी एकेक ड्रेसर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरला आणि मलाही पाहायला लावले. अकरापैकी सात हिऱ्यांच्या टोकाला आरशासारखा सपाट गोल पडला होता, तिघांना तडे गेले होते आणि एकाचा हिराच बैठकीतून निखळून गेला होता. सपाट पडलेल्यांपैकी सर्वांत वाईट नमुन्यावर तो फ्लॅट सुमारे एक मिलिमीटर रुंद होता. "किती हिरा गेला असेल?" असे त्यांनी विचारल्यावर मी अंदाजाने चौथाई म्हटले.

त्यांनी कागदावर हिशेब मांडला, तो मी घरी येऊन पुन्हा पडताळला, आणि या दुकानाविषयी माझे मत खऱ्या अर्थाने तेथे बनले. अष्टफलक आकाराच्या हिऱ्याचे टोक म्हणजे एक छोटा पिरॅमिड. तळ एक मिलिमीटर चौरस धरला तर त्याची उंची सुमारे ०.७ मिलिमीटर येते, आकारमान पाव घन मिलिमीटरपेक्षाही कमी भरते आणि हिऱ्याची घनता लक्षात घेता वजन जेमतेम ०.८ मिलिग्रॅम होते. अर्धा कॅरेट म्हणजे १०० मिलिग्रॅम. म्हणजे जो ड्रेसर आम्ही निकामी म्हणून खणात टाकत होतो त्यातला ९९ टक्के हिरा जसाच्या तसा शिल्लक होता. संपले होते ते फक्त टोक. चांगल्या अष्टफलक हिऱ्याला अशी सहा टोके असतात. सहाही वापरात येतातच असे नाही, कारण एखाद्या टोकाखाली डाग किंवा भेग निघते. परंतु तीन-चार वेळा रीसेट होणे ही सामान्य गोष्ट आहे.

तडे गेलेल्या तिघांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे घासून गेलेले नाहीत, तापून गेलेत." त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्या कारखान्यात आता म्हणीसारखा झाला आहे: "पाणी कधी सोडता? हिरा टेकायच्या आधी, की ठिणगी दिसल्यावर?"

रीसेटिंगचे काम त्यांनी मला मागच्या भागात नेऊन दाखवले, आणि हे सगळीकडे दाखवत नाहीत, म्हणून मुद्दाम नोंदवतो. शँकच्या, म्हणजे ड्रेसरच्या धातूच्या दांड्याच्या, टोकाची जुनी बैठक लेथवर छाटून हिरा मोकळा करतात, तो स्वच्छ करून भिंगाखाली सगळ्या बाजूंनी फिरवतात, तडा नसलेले आणि शँकच्या मध्यरेषेत येईल असे टोक निवडतात आणि धातूच्या भुकटीत दाबून, तापवून पुन्हा पक्के बसवतात. कारागिराचा खरा कस टोक निवडण्यात लागतो. ते जेवढे शँकच्या मध्यरेषेवर येईल तेवढा ड्रेसर पुढे फिरवत वापरता येतो. बैठक हिऱ्याला सगळ्या बाजूंनी घट्ट टेकलेली असणेही तितकेच आवश्यक, कारण हिरा उष्णता तांब्याहूनही झपाट्याने वाहून नेतो. ती शँकमध्ये उतरायला वाटच नसेल तर टोक तापत राहते. हवेत सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे हिऱ्याचा पृष्ठभाग अक्षरशः जळू लागतो. जगातला सर्वांत कठीण पदार्थ असला तरी तो शेवटी कार्बन आहे.

मोकळा केलेला हिरा ते गिऱ्हाइकासमोर तोलतात. आमच्या एका ड्रेसरवर एक कॅरेट असे कोरलेले होते. तो मी दोन वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याकडून स्वस्तात घेतला होता. काट्यावर तो हिरा १२५ मिलिग्रॅमच्या आत भरला, म्हणजे ०.६ कॅरेटच्या आसपास. टोक झिजून एवढी घट होऊच शकत नाही, हे वरच्या हिशेबावरून उघड आहे. मालकांनी त्यावर एक शब्दही काढला नाही, काटा फक्त माझ्याकडे वळवला.

नवे ड्रेसर त्या दिवशी मी दोनच घेतले. सहा घेण्याच्या तयारीने आलेल्या गिऱ्हाइकाला दोनांवर पाठवणे हा दुकानदारीचा कोणता प्रकार, असे मला तेव्हा वाटले होते. याच गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले आणि पुढे कडबाकापणीच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे ते वळले; त्या काळच्या अशा दुकानांत विकणारा आणि दुरुस्त करणारा एकच असायचा. उद्यमबागेत ती सवय अजून कोठेकोठे टिकून आहे.

पुढच्या आठवड्यात मालक आमच्या शेडमध्ये येऊन गेले. या भेटीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. नव्या गिऱ्हाइकाकडे एकदा जातात, असे नंतर कळले. सिलिंड्रिकल ग्राइंडरवर आमचा ड्रेसर चाकाच्या केंद्राकडे सरळ रोखलेला होता, अगदी काटकोनात. दिसायला ते शिस्तीचे दिसते. पण सरळ धरलेल्या हिऱ्याचे टोक समोरून सपाट होत जाते, आणि शँक कितीही फिरवला तरी तोच सपाट गोल पुन्हा चाकासमोर येतो. शँक १० ते १५ अंशांनी चाकाच्या फिरण्याच्या दिशेकडे झुकवला की टोक चाकाच्या मागे ओढले जाते, झीज टोकाच्या एका बाजूला पडते, आणि शँक थोडा फिरवताच न झिजलेली धार पुढे येते. म्हणजे हिरा वापरता वापरता स्वतःला धार लावत राहतो. उलट्या बाजूला झुकवला तर मात्र तो चाकात रुततो, थरथरतो आणि चाकावर उमटलेली लाट जॉबवर उतरते. आमचा होल्डर मालकांनी स्वतः खरवडून १२ अंशांवर बसवून दिला. ड्रेसर होल्डरच्या बाहेर नको तेवढा लांब काढला होता, तोही आत ढकलला.

या दुकानाच्या प्रत्येक ड्रेसरच्या शँकवर, मागच्या टोकाला, आठ बारीक खाचा असतात. त्यांतली एक लाल रंगाने भरलेली. होल्डरवर एक पांढरी रेघ. रोज सकाळी पहिल्या ड्रेसिंगच्या आधी शँक एक खाच पुढे फिरवायचा, एवढेच काम. आठ दिवसांत एक फेरा पुरा होतो. हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी करत नाही, कारण किती फिरवला हे लक्षात राहत नाही आणि काल कोणी फिरवला होता की नाही यावर वाद होतो. खाच असली की वाद संपतो. एवढीशी गोष्ट एखाद्या मोठ्या कंपनीच्या ड्रेसरवरही मला पाहायला मिळालेली नाही. आमचा खानापूर तालुक्यातला जुना ऑपरेटर सुरुवातीला म्हणाला होता, "हिरा कुठं झिजतोय वो साहेब?" आता लाल खाच वर आली नाही तर तोच दुसऱ्या पाळीच्या माणसाला हाक मारतो.

ड्रेसरबरोबर ते एक जाड कार्ड देतात, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. दुकानाचा फलक कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत आणि बोलणे मराठीत, हे आमच्या भागात कोणाला खटकत नाही. परंतु सूचना दोन्ही भाषांत छापून देणे हे खऱ्या उपयोगाचे आहे, कारण माझा दुसरा ऑपरेटर बैलहोंगलचा आहे आणि पूर्वी त्याला सगळे मला सांगावे लागे. कार्डावरच्या सूचना थोड्याच आहेत. पाणी आधी, हिरा नंतर. एका फेऱ्यात, म्हणजे हिरा चाकावरून एकदा नेताना, २० मायक्रॉनपेक्षा जास्त कट (चाकाचा काढायचा थर) नको. कट न देता रिकामे फेरे मारायचे नाहीत. सुरुवात चाकाच्या कडेवरून नको, सर्वांत उंच भागापासून करायची.

पाण्याचा मुद्दा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. कोरड्या ड्रेसिंगमध्ये हिरा काही सेकंदांत लालभडक तापतो असे नव्हे, पण टोकाशी तापमान चढते. आणि मग ऑपरेटरला आठवण होऊन त्याने एकदम कुलंट (गार करणारे पाणी) सोडला की तापलेल्या हिऱ्याला तडा जातो. कोरडे ड्रेसिंग करावेच लागले, जसे आमच्या सरफेस ग्राइंडरवर कधी करावे लागते, तर दोन फेऱ्यांमध्ये थांबून हिरा आपोआप निवू द्यायचा, त्यावर पाणी मारायचे नाही. येथे मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी कार्डावर असायला हवी होती आणि नाही. ड्रेसिंग चालू असताना वीज गेली की पंप तत्क्षणी बंद पडतो, चाक मात्र आपल्या जडत्वाने बराच वेळ फिरत राहते. त्या वेळात टेकलेला हिरा पूर्ण कोरडा घासला जातो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. म्हणून आता वीज गेल्यावर पहिला हात ड्रेसर मागे घेण्याच्या हातचाकावर जातो, कपाळावर नाही.

सर्वांत मोठा फरक पडला तो वेगाचा, आणि येथे मी थोडा रेंगाळतो. आमचा समज असा होता की हिरा चाकावरून जितका सावकाश नेऊ तितके ड्रेसिंग चांगले आणि हिऱ्यावर ताण कमी. दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. आमचे चाक ४०० मिलिमीटर व्यासाचे, ५० मिलिमीटर रुंद, मिनिटाला १५०० फेरे घेणारे. आमचा ऑपरेटर हिरा चाकाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत नेण्याच्या एका फेऱ्याला ४० सेकंद लावायचा. तेवढ्या वेळात चाक एक हजार वेळा फिरते, आणि परीघ सव्वा मीटरचा असल्याने हिरा एका फेऱ्यात सव्वा किलोमीटर दगडावर घासला जातो. चाकाच्या एका फेऱ्यात तो जेमतेम ०.०५ मिलिमीटर सरकतो. टोकाची टेकणारी रुंदी ०.८ मिलिमीटर धरली तर चाकाचा प्रत्येक बिंदू १६ वेळा हिऱ्याखाली येतो. त्यात चाकाचे कण फुटून नवी धार उघडी होण्याऐवजी ते घोटले जातात, चाक चकाकते, जॉबवर जळका डाग येतो, आणि डाग आला म्हणून ऑपरेटर पुन्हा ड्रेसिंग मारतो. हिरा झिजण्याचे आणि जॉब जळण्याचे मूळ आमच्याकडे एकाच ठिकाणी होते.

चाकाचा प्रत्येक बिंदू हिऱ्याखाली रफ कामाला दोन-तीन आणि फिनिशला चार ते सहा वेळा झाकला जाणे पुरेसे असते. आम्ही चारवर आलो: चाक एकदा फिरते तेवढ्यात ०.२ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला ३०० मिलिमीटर, म्हणजे ५० मिलिमीटरच्या चाकाला १० सेकंद. आता हिरा एका फेऱ्यात सुमारे ३१५ मीटर घासला जातो, पूर्वीच्या चौथाई. येथे एक पोटप्रश्न आहे, जो मालकांनी तोंडी सांगितला. नव्या टोकाची रुंदी कमी असते आणि झिजत जाईल तशी ती वाढते, त्यामुळे टेबलाचा वेग तोच ठेवला तरी झाकले जाण्याचे प्रमाण आपोआप वाढत जाते, टोक ०.४ मिलिमीटर असताना दोनपट असलेले ड्रेसिंग १.२ मिलिमीटरवर सहापट होते. म्हणून त्याच सेटिंगवर महिनाभर चांगले चाललेले काम एके दिवशी जळू लागते आणि सगळे जण चाकाला किंवा पोलादाला दोष देतात. आम्ही आता दर सोमवारी भिंगाखाली टोक पाहतो आणि ०.८ मिलिमीटरच्या पुढे गेले की ड्रेसर थेट उद्यमबागेत पाठवतो. जास्त झिजवून पाठवण्यात फायदा नाही, कारण फ्लॅट मोठा झाला की रेटा वाढतो आणि हिऱ्याला तडा जाण्याची शक्यताही वाढते.

कटाचे प्रकरण याच्या मानाने लवकर सुटले. १०० मायक्रॉनचा एक कट घेण्याऐवजी २० चे पाच घ्यायचे, एवढेच. पण त्याआधी हा प्रश्न विचारायला हवा की १०० मायक्रॉन काढायचेच कशाला? दुकानात ड्रेसरबरोबर मेणाचा निळा खडू फुकट मिळतो. चाक थांबलेले असताना त्याच्या तोंडावर खडूने आडव्या रेघा ओढायच्या. ड्रेसिंग करून चाक थांबवून पाहायचे, आणि सगळ्या रेघा गेल्या की थांबायचे. रेघा एका बाजूला राहिल्या तर चाक एकसारखे फिरत नाही हे कळते. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सोमवारच्या रेघा नेहमी वेड्यावाकड्या जायच्या. कारण असे निघाले की आठवड्याच्या शेवटी चाक पाण्यासकट बंद करत होतो, सच्छिद्र चाकातले पाणी खालच्या बाजूला उतरून बसायचे आणि सोमवारी ते एका अंगाने जड होऊन फिरायचे. आता शेवटी पाणी आधी बंद करतो, चाक काही मिनिटे कोरडे फिरवतो आणि मग थांबवतो. नवे चाक चढवल्यावर पहिली ओबडधोबड गोलाई काढायला हिरा वापरायचा नाही, ते काम स्टार ड्रेसरने (पोलादी दातेरी चकत्यांच्या ड्रेसरने) किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या काडीने करायचे, हेही आम्ही येथेच शिकलो. वेडेवाकडे चाक हिऱ्याला घासत नाही, ठोकते.

मल्टिपॉइंट ड्रेसरविषयी माझे मत मिश्र आहे. दुकानात ते भरपूर आहेत आणि दिसायला आकर्षक. धातूत पेरलेले अनेक छोटे हिरे, एक झिजला की खालचा वर येतो, रीसेट करायची भानगड नाही, संपेपर्यंत वापरा आणि टाका. तो झुकवायचा नसतो, पूर्ण तोंड चाकाला सरळ टेकवायचे असते, त्यामुळे ऑपरेटरच्या हाताचा भरवसा नसेल तेथे तो बरा. सेंटरलेसच्या ५०० मिलिमीटर व्यासाच्या रुंद चाकाला मी तो घेतला आणि समाधानी आहे. पण स्पूलच्या खांद्यापर्यंत कोपरा काढायचा असतो तेथे त्याचा उपयोग नाही, कारण तोंड रुंद असल्याने चाकाची कड तीक्ष्ण राहत नाही. मालकांनी हे विकत घेण्याआधीच सांगितले होते. मी ऐकले नाही आणि एक मल्टिपॉइंट सिलिंड्रिकलसाठीही घेतला, तो पडून आहे. त्यांनी परत घेतला नाही. वापरलेला माल परत न घेण्याचा त्यांचा हक्क मान्य करूनही, अर्ध्या दिवसाच्या वापरावर काही सूट द्यायला हरकत नव्हती, असे मला आजही वाटते.

आता उरलेल्या तक्रारी. पाच दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम आठ-दहा दिवसांशिवाय मिळत नाही, गणपतीच्या सुमारास तर तीन आठवडे लागले. फोन केला की उत्तर "उद्या" असते. समोर जाऊन उभे राहिले की खरे कळते. त्यामुळे प्रत्येक मशीनमागे किमान तीन ड्रेसर फिरते ठेवावे लागतात, एक मशीनवर, एक कपाटात, एक दुकानात. दुसरी तक्रार बिलाची. हिरा माझ्यासमोर तोलतात, पण ते वजन बिलावर लिहीत नाहीत. "डायमंड ड्रेसर रीसेट, नग १" एवढाच मजकूर असतो. दोनदा सांगून पाहिले. आता वजन मीच बिलाच्या मागे लिहून त्यांची सही घेतो. सही देतात, तेवढे खरे. तिसरी गोष्ट एकदाच घडली: परत आलेल्या चारांपैकी एका ड्रेसरचे टोक मध्यरेषेपासून स्पष्ट दिसेल एवढे बाजूला बसले होते, शँक फिरवला की टोक वर्तुळात फिरत होते आणि दर वेळी शून्य नव्याने लावावे लागत होते. परत नेल्यावर त्यांनी वाद न घालता पुन्हा बसवून दिले, पैसे घेतले नाहीत. पण दहा दिवस माझेच गेले.

त्यांच्या ज्ञानालाही एक कड आहे, ती सांगायला हवी. आमच्याकडे सध्या साधी पांढऱ्या ॲल्युमिनाची चाके चालतात, डब्ल्यूए ६० के जातीची, आणि तेथवर या दुकानाचा सल्ला शंभर टक्के उपयोगी पडला. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून सिरॅमिक कणांचे चाक लावून पाहिले. ते चाक हिऱ्याला नेहमीच्या ॲल्युमिनापेक्षा कितीतरी जास्त खाते, हे जाणकारांना ठाऊक आहे; पण दुकानात त्याविषयी विचारले तेव्हा कार्डावरचीच चार वाक्ये ऐकायला मिळाली. त्या चाकाला कट आणखी कमी ठेवावा लागतो आणि ड्रेसिंग मुळात कमी वेळा करावे लागते, हे आम्हाला स्वतःच शोधावे लागले. हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या चाकाबाबतही तसेच. ते ॲल्युमिनापेक्षा कठीण असते, त्यामुळे कार्बाइड ग्राइंडिंग करणाऱ्यांनी माझ्या आकड्यांवर विसंबू नये.

दरांविषयी एवढेच सांगतो की रीसेटिंगला नव्या ड्रेसरच्या सुमारे एक तृतीयांश पैसे पडतात आणि त्यात हिरा आपलाच राहतो. अकरांपैकी सात ड्रेसर त्यांनी पहिल्या खेपेला वापरायोग्य करून दिले; तडे गेलेल्या तिघांपैकी एकाचा हिरा छोट्या चाकासाठी चालेल म्हणून सरफेस ग्राइंडरला बसवून दिला, उरलेले दोन हिरे कागदाच्या पुडीत बांधून परत केले. ते पुडीतले हिरे अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. नवा माणूस कामावर आला की त्याला भिंगाखाली तो तडा दाखवतो आणि मग पाण्याचा नळ दाखवतो.

पूर्वी सहा-सात आठवड्यांत बोथट होणारा अर्ध्या कॅरेटचा ड्रेसर आता आमच्याकडे पाच महिन्यांच्या आसपास टिकतो आणि त्यानंतर रीसेटला जातो. यात दुकानाच्या हिऱ्याचा वाटा किती आणि आमच्या सुधारलेल्या सवयींचा किती, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. पहिल्या खेपेचे सातही हिरे आमचे जुनेच होते, हे मात्र खरे. ज्यांच्याकडे एकच ग्राइंडर आहे आणि काम थांबवून चालत नाही, त्यांनी उशीर लक्षात घेऊन आधी एक जादा ड्रेसर घ्यावा आणि मगच जुना द्यावा. निपाणी, चिकोडी किंवा गोकाककडून येणाऱ्यांनी शुक्रवारी येऊ नये, त्या दिवशी भट्टी लागते आणि मालक कोणाशी बोलत नाहीत. येताना झिजके ड्रेसर पुसून, शँकचा व्यास आणि लांबी कागदावर लिहून आणावी, चाकाचा व्यास व त्यावरचा छापील क्रमांक टिपून आणावा. आणि हिरा तोलताना काट्यासमोर उभे राहावे.